लुटले जाणार हे ठाऊक असूनही पिरॅमिड का बांधले गेले?

ताम्रपट

गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपास पूर्ण झाला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर, पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आणि दगडांची संख्या २३ लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते. हा डोंगर ज्या एका देहासाठी उभा केला, तो देह मात्र तेथे नाही. राजाच्या दालनात लाल ग्रॅनाइटची, झाकण हरवलेली, रिकामी शवपेटी तेवढी आहे. ही गत एकट्या खुफूची नव्हे. प्राचीन राज्यकाळातील (इ.स.पू. सुमारे २७०० ते २२००) एकाही पिरॅमिडात राजाचे दफन जसेच्या तसे हाती लागलेले नाही. सेखेमखेतच्या अपूर्ण पिरॅमिडात १९५४ साली अलाबास्टरची शवपेटी बंद अवस्थेत सापडली, तेव्हा अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या; उघडल्यावर तीही रिकामीच निघाली.

माझा प्रश्न चोरांविषयी नसून बांधणाऱ्यांविषयी आहे. इपुवेर नावाच्या लेखकाच्या नावे असलेल्या प्राचीन विलापात, पिरॅमिडाने जे दडवले होते ते आता रिते झाले आहे, अशा अर्थाची तक्रार स्पष्टपणे येते. म्हणजे लूट होते हे त्या समाजाला ठाऊक होते, आणि तरीही राजे शतकानुशतके पिरॅमिडच बांधत राहिले. हा हट्ट होता, अंधविश्वास होता, की देह सांभाळणे हे पिरॅमिडाचे मुख्य काम नव्हतेच? जाणकारांनी सविस्तर लिहावे. परग्रहवासी, वैश्विक ऊर्जा आणि दाढीचे पाते धारदार करणारे पिरॅमिड यांच्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

उगाच_एक

परग्रहवासीयांनी बांधले असते, तर त्यांनी निदान कुलूप तरी बरे बसवले असते. येथेच थांबतो.

बांधकामवाला

देह सांभाळणे हे काम नव्हतेच, असे म्हणणे मला पटत नाही, कारण त्यासाठी घेतलेली मेहनत दगडात दिसते. खुफूची शवपेटी तिच्याकडे जाणाऱ्या चढत्या मार्गापेक्षा रुंद आहे, म्हणजे दालनावर छत पडण्यापूर्वीच ती आत ठेवली गेली. दफन झाल्यावर त्या मार्गाच्या तोंडाशी ग्रॅनाइटचे ठोकळे सरकवून तो बुजवण्यात आला. ते ठोकळे अद्याप जागेवर आहेत, कारण आत शिरणाऱ्यांनी त्यांना हात न लावता बाजूचा मऊ चुनखडक फोडून वाट काढली. राजाच्या दालनाआधी वरून खाली सोडायच्या ग्रॅनाइटच्या फळ्यांची सोयही होती.

पुढे मध्य राज्यकाळात (इ.स.पू. सुमारे २०५० ते १७००) बाराव्या राजवंशातील तिसऱ्या अमेनेमहातने हवारा येथे याहून कडेकोट व्यवस्था केली. त्याचे दफनदालन क्वार्ट्झाइटच्या एकाच प्रचंड शिळेतून कोरलेले असून तिचे वजन १०० टनांहून अधिक आहे. मार्गात छतातील चोरदारे आणि कोठेही न पोहोचणाऱ्या फसव्या वाटा होत्या. पुरातत्त्वज्ञ पेट्री १८८९ साली आत पोहोचला, तेव्हा चोर त्याच्या फार आधी येऊन गेलेले होते. चोराजवळ वेळ भरपूर असतो आणि पहारा दोन-तीन पिढ्यांत सैल पडतो. त्यावर दगडात उपाय नाही.

मात्र धागाकर्त्यांच्या शंकेला बळ देणारी एक गोष्ट मीच सांगतो. खुफूचा पिता स्नेफ्रू याच्या नावावर तीन मोठे पिरॅमिड आहेत : मैदूमचा, दहशूरचा वाकडा आणि दहशूरचाच लाल. वाकड्या पिरॅमिडाचा ढाळ खाली सुमारे ५४ अंशांचा आहे आणि मध्यावर तो एकदम ४३ अंशांवर आणलेला आहे, कारण बांधकाम चालू असतानाच आतल्या भागात तडे जाऊ लागले होते. लाल पिरॅमिड मग पहिल्यापासूनच ४३ अंशांनी चढवला. तिन्ही मिळून लागलेला दगड खुफूच्या पिरॅमिडापेक्षा अधिक भरतो. एका देहाला तीन पिरॅमिड कशाला, हा प्रश्न केवळ सुरक्षिततेच्या हिशेबाने सुटत नाही.

शिलालेख

पिरॅमिड एकटा पाहिला की धागाकर्त्यांचा प्रश्न पडतो. सभोवारचे संकुल पाहिले की त्याचे स्वरूप बदलते. पिरॅमिडाच्या पूर्वेला मंदिर, तेथून खाली दरीतील मंदिरापर्यंत जाणारी आच्छादित वाट, पुरोहितांची वस्ती, आणि या सर्वांचा खर्च चालवण्यासाठी देशभर नेमून दिलेल्या जमिनी, असा तो सारा कारभार होता. मृत राजाला रोज अन्नपाणी पोहोचावे, त्याच्या मूर्तीला वस्त्र नेसवावे, धूप दाखवावा, हे त्या कारभाराचे काम. आपल्याकडील देवस्थान इनामासारखी ही रचना होती : उत्पन्न लावून दिलेले आणि सेवेकरी वंशपरंपरेने बांधलेले.

अबुसीर येथे नेफेरिरकारे राजाच्या मंदिराची दप्तरे पपायरसवर मिळाली आहेत. त्यांत कोणत्या महिन्यात कोणाची पाळी, कोणत्या शेतीवरून किती भाकरी आल्या, भांडारात कोणती भांडी आहेत आणि त्यांतल्या कोणत्या भांड्याला तडा गेला आहे, इतक्या बारीक नोंदी आहेत. राजाच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनीही हे काम चालू होते.

हाच विचार खालच्या थरांतही उतरला. बाराव्या राजवंशाच्या काळातील असियूतचा प्रांताधिकारी हेपजेफा याने आपल्या थडग्याच्या भिंतीवर पुरोहितांशी केलेले १० करार कोरून ठेवले आहेत. कोणत्या सणाला कोणी किती भाकरी आणि बिअर आणायची, दिव्याच्या वाती कोणी पुरवायच्या, आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळेल, हे सारे त्यात आहे. पैकी काही मोबदला वडिलोपार्जित मालमत्तेतून आणि काही अधिकारपदाच्या उत्पन्नातून दिला आहे, हा भेदही त्याने नोंदवला आहे. मरणाची इतकी वकिली तयारी क्वचितच पाहायला मिळते.

म्हणून माझे मत असे की पिरॅमिड ही तिजोरी नव्हती. ज्याच्या नावाने सेवा चालायची, त्याचे ते दुरून दिसणारे ठिकाण होते.

प्रश्नचिन्ह

शिलालेख यांचा प्रतिसाद वाचून एक भाबडी शंका येते. सेवा नावाला आणि मूर्तीलाच पोहोचत असेल, तर देह टिकवण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? मूर्तीवरच भागले नसते का?

पॅथॉलॉजिस्ट_नाशिक

@प्रश्नचिन्ह, मूर्ती हा देहाचा राखीव पर्याय होता, बदली नव्हे. 'का' म्हणजे मृताची प्राणशक्ती. तिला अन्न घेण्यासाठी स्थान लागे. 'बा' पक्ष्याच्या रूपात बाहेर हिंडे, पण रात्री देहाकडे परत येई. देह नष्ट झाला तर निदान मूर्ती असावी, या हेतूने मूर्ती ठेवीत, आणि म्हणूनच तिलाही अन्न घेता यावे यासाठी तिच्यावर मुख उघडण्याचा विधी करीत.

शरीर टिकवण्याची कल्पना बहुधा वाळूनेच सुचवली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पिरॅमिडांच्या पूर्वी, इ.स.पू. ३५०० च्या आसपासच्या काळात, लोक मृताला गुडघे पोटाशी घेऊन थेट वाळूतल्या खड्ड्यात पुरत. उष्ण आणि कोरडी वाळू शरीरातले पाणी शोषून घेई आणि त्वचा, केस, नखे टिकून राहत. ब्रिटिश म्युझियममधील गेबेलीनचा मृतदेह याच प्रकारचा आहे. पुढे प्रतिष्ठितांसाठी विटांची आणि लाकडाची दालने आली, वाळूचा स्पर्श तुटला आणि देह कुजू लागले. जे फुकट होत होते ते आता कारागिरांकडून करवून घेणे भाग पडले, हे मला या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते.

कृतीविषयी थोडक्यात लिहितो. नेट्रॉन हा सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ आणि सल्फेट यांचा नैसर्गिक क्षार असून तो मुख्यतः वादी नेट्रून येथील तळ्यांतून मिळे. मेंदू बहुधा नाकावाटे काढीत, आणि तो जपून ठेवण्याच्या योग्यतेचा मानला जात नसे. डाव्या कुशीत छेद देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढून वेगळी वाळवीत. हृदय मात्र शक्यतो आत राहू देत, कारण बुद्धी आणि स्मृती तेथेच असतात अशी समजूत होती. मग शरीर सुमारे ४० दिवस कोरड्या नेट्रॉनमध्ये झाकून ठेवीत. तेल, राळ आणि पट्ट्या धरून सारा विधी परंपरेने ७० दिवसांचा मानला जाई. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने ऐपतीप्रमाणे तीन दर्जे सांगितले आहेत, आणि सर्वांत स्वस्त प्रकारात पोट धुऊन देह नेट्रॉनमध्ये ठेवण्यापलीकडे फारसे काही होत नसे.

खुफूच्या काळात ही विद्या अद्याप बाल्यावस्थेत होती. त्याची आई हेतेफेरेस हिचे थडगे १९२५ साली रायझनरच्या पथकाला गिझा येथे खोल विहिरीसारख्या खणाच्या तळाशी मिळाले. तेथील पेटीत तिचे अवयव नेट्रॉनच्या द्रावात ठेवलेले होते; शवपेटी १९२७ मध्ये उघडली तेव्हा ती मात्र रिकामी होती. राजाच्या आईचा देह कोठे गेला, यावर आजही तर्कच चालू आहेत.

दवबिंदू

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२ च्या अखेरीस ब्रिटिश म्युझियमचे ममीविषयक प्रदर्शन आले होते, ते येथील अनेकांना आठवत असेल. कर्नाकच्या खोन्सू मंदिरातील नेस्पेरेन्नब या पुरोहिताची ममी, पट्ट्या न उलगडता, सीटी स्कॅनद्वारे आतून दाखवली होती. त्याच्या डोक्यामागे मातीचा एक वाडगा राळेत घट्ट चिकटलेला दिसतो. राळ ओतणाऱ्यांनी तो तेथे ठेवला, राळ सुकली, वाडगा निघेना, तेव्हा तो तसाच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळल्या, असा अभ्यासकांचा कयास आहे. सुमारे २८०० वर्षे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

उगाच_एक

कंत्राटी काम सर्वत्र सारखेच असते, हे पुरातत्त्वाने सिद्ध केले म्हणायचे.

गोदाकाठ

हेरोडोटसचा उल्लेख आला म्हणून लिहितो. एक लाख माणसे, तीन-तीन महिन्यांच्या पाळ्या आणि २० वर्षे हा हिशेब त्याचाच, पण तो तेथे पोहोचला तेव्हा पिरॅमिडाला दोन हजार वर्षे होऊन गेली होती. गुलामांच्या पाठीवर फटके ओढणारे मुकादम हे चित्र त्याहूनही अलीकडचे आहे.

गिझाच्या दक्षिणेला मार्क लेहनर यांच्या उत्खननात कामगारांची वस्ती, भाकरीच्या भट्ट्या आणि गुराढोरांची भरपूर हाडे मिळाली. १९९० साली एका घोड्याचा पाय भिंतीला अडखळल्यामुळे कामगारांची थडगी उजेडात आली. त्यांतल्या सांगाड्यांवर नीट जुळून आलेली मोडलेली हाडे आहेत, म्हणजे उपचार होत होते. आणि २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या पथकाला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे मेरेर या अधिकाऱ्याची रोजनिशी मिळाली. खुफूच्या कारकिर्दीच्या अखेरीस तुरा येथील खाणीतून पांढरा चुनखडक नावेत भरायचा, नाईल आणि कालव्यांतून गिझाला आणायचा, उतरवायचा आणि परत फिरायचे, असा त्याच्या तुकडीचा दिनक्रम तीत नोंदलेला आहे. राजाचा सावत्र भाऊ अनखहाफ याचे नावही देखरेख करणारा म्हणून येते. ज्या समाजाने राजाच्या शेजारी आपल्या मजुरांना थडगी बांधू दिली, तो त्यांना गुलाम मानत नव्हता, एवढे निश्चित म्हणता येईल.

सह्यकडा

गोदाकाठ यांनी दिलेली माहिती योग्य आहे, परंतु त्यातून निघणारे चित्र मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. बाजारात विकत घेतलेले गुलाम नव्हते, हे मान्य. पण ती वेठच होती. राज्याने बोलावले की जावे लागे, आणि जो पळाला त्याच्या घरच्यांना कोंडून ठेवल्याच्या नोंदी मध्य राज्यकाळातील तुरुंगाच्या दप्तरात आहेत. भाकरी आणि मांस मिळत होते म्हणून ती मजुरी खुशीची ठरत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द दफनात आहे. मध्य राज्यकाळापासून थडग्यांत ठेवल्या जाणाऱ्या शाब्ती नावाच्या लहान मूर्तींवर एक मंत्र लिहिलेला असतो. परलोकात मृताला शेत करण्यासाठी, पाट भरण्यासाठी किंवा वाळू वाहून नेण्यासाठी बोलावणे आले, तर तुम्ही 'मी हजर आहे' असे म्हणावे, असा हुकूम त्यात त्या मूर्तींना दिलेला आहे. मेल्यानंतरही वेठ सुटणार नाही ही भीती आणि ती दुसऱ्यावर ढकलण्याची ऐपत, दोन्ही त्या वीतभर मूर्तीत आहेत. नंतरच्या काळात पूर्ण संच ४०१ मूर्तींचा झाला : वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर आणि दर दहा मजुरांमागे एक याप्रमाणे ३६ मुकादम. तुतनखामूनच्या थडग्यात अशा ४१३ मूर्ती होत्या.

ज्यांच्या जवळ मूर्ती नव्हत्या त्यांचे काय झाले, हे अमार्ना या प्राचीन राजधानीतील साध्या लोकांच्या स्मशानात दिसते. काटक्यांच्या चटईत गुंडाळलेले देह, सोबत फारतर एखादे भांडे, आणि जड ओझी वाहून झिजलेले मणके. आपण ज्याला इजिप्तची दफनपद्धती म्हणतो, ती त्या देशातील बहुसंख्य माणसांच्या वाट्याला आलीच नाही.

उगाच_एक

परलोकातही दहामागे एक मुकादम लागतो, हे वाचून स्वर्गाविषयीची ओढ कमी झाली.

शिलालेख

सह्यकडा यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. आता मूळ प्रश्नातील चोरांकडे वळतो, कारण त्यांच्याविषयी आपल्याजवळ त्यांचेच जबाब आहेत. नवव्या रामसेसच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ११०० च्या सुमारास, थीब्ज येथे थडगेफोडीची सरकारी चौकशी झाली. अमेनपनुफेर नावाच्या पाथरवटाने राजा दुसरा सोबेकेमसाफ आणि त्याची राणी यांचा पिरॅमिड फोडल्याची कबुली दिली. देहांवरचे सोने ओरबाडले, शवपेट्यांना आग लावली आणि सोन्याचे वाटे केले, असे तो सांगतो. पुढचा भाग अधिक बोलका आहे. तो पकडला गेला, आपल्या वाट्याचे सोने त्याने एका लेखनिकाला दिले, सुटला आणि साथीदारांकडे परत आला. त्यांनी त्याचा वाटा भरून दिला आणि सारे पुन्हा त्याच उद्योगाला लागले.

धर्मावर त्याचा विश्वास नव्हता असे मला वाटत नाही. शवपेटी जाळली की मृत राजा सूड घ्यायला उरत नाही, असाही हिशेब त्यामागे असू शकेल. त्यानंतर पुरोहितांनीच उरलेल्या राजदेहांना नव्या पट्ट्या बांधून देर अल-बहरीच्या एका खणात एकत्र लपवले, आणि दुसऱ्या रामसेससारखे सम्राट १८८१ साली तेथे मिळाले. या हलवाहलवीत देहांवरचे सोने राज्याच्याच उपयोगी पडले, असेही मानले जाते.

कैरोत_मुक्काम

नोकरीनिमित्त येथे राहतो, म्हणून एवढेच सुचवतो की गिझा पाहून परत फिरू नये, सक्काऱ्याला जावे. पाचव्या राजवंशाच्या अखेरीचा उनास राजाचा पिरॅमिड मूळचाच जेमतेम ४३ मीटरांचा होता आणि आज तो ढिगाऱ्यासारखा दिसतो, परंतु आत वाकून गेल्यावर भिंतींवर निळ्या रंगाने भरलेल्या चित्रलिपीच्या ओळीच ओळी दिसतात. पिरॅमिडात कोरलेले हे पहिले मंत्र इ.स.पू. २३५० च्या सुमाराचे आहेत. खुफूच्या दालनात असा एक शब्दही नाही. आकार घटत गेला आणि लेखन वाढत गेले, याचा धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी संबंध असावा असे वाटते. राजाला आकाशात पोहोचवण्याचे जे काम आधी दगडावर सोपवले होते, ते आता शब्दांवर आले.

त्याच पिरॅमिडाच्या बाहेर खाएमवासेतचा लेख आहे. हा दुसऱ्या रामसेसचा पुत्र. हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव पुसले गेलेले पाहून त्याने ते पुन्हा कोरून घेतले.

ताम्रपट

सर्वांचे आभार. सेवेचा मुद्दा मला बराचसा पटला, तरी एक अडचण राहते. पिरॅमिड जर सेवेचे ठिकाण होते आणि ती व्यवस्था चालत होती, तर नवीन राज्यकाळातील (इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७०) राजांनी पिरॅमिड सोडून राजांच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटात थडगी का खोदली? तेव्हा तरी सुरक्षिततेचाच विचार झाला ना?

बांधकामवाला

झाला, आणि म्हणूनच त्यांनी दोन कामे वेगळी केली. थडगे खोऱ्यात लपवले आणि सेवेचे मंदिर नाईलकाठच्या सपाटीवर, सर्वांना दिसेल असे बांधले. राजपिरॅमिडांच्या परंपरेत इजिप्तमधला शेवटचा मानला जाणारा पिरॅमिड अहमोसचा, अबायडॉस येथील. खोऱ्यावर उभा असलेला अल-कुर्नचा कडा स्वतःच पिरॅमिडाच्या आकाराचा आहे, त्यामुळे आकाराचे महत्त्व संपले असेही म्हणता येत नाही. थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदिना या गावात तर साध्या रंगाऱ्याच्या थडग्यावरही विटांचा छोटा पिरॅमिड उभा राहिला. राजांनी टाकलेली वस्तू कारागिरांनी उचलली.

लपवण्याचाही उपयोग फारसा झाला नाही. तुतनखामूनचे थडगे दफनानंतर लवकरच दोनदा फोडले गेले होते. पहारेकऱ्यांनी ते पुन्हा बंद केले आणि नंतर वरच्या मलब्याखाली ते विस्मरणात गेले, म्हणून १९२२ साली ते शोधून काढणाऱ्या पुरातत्त्वज्ञ कार्टरला पुढे १९२५ मध्ये ११० किलो सोन्याची शवपेटी पाहायला मिळाली.

प्रश्नचिन्ह

या सर्व खटाटोपावर त्यांच्यापैकी कोणीच शंका घेतली नाही का?

शिलालेख

घेतली, आणि ती थडग्याच्या भिंतीवरच कोरली. राजा इंतेफच्या थडग्यातील म्हणून सांगितले जाणारे वीणावादकाचे गीत नवीन राज्यकाळातील प्रतींत उपलब्ध आहे. इमहोतेपसारख्या ज्ञात्यांची वचने लोक अजून उच्चारतात, पण त्यांच्या थडग्यांच्या भिंती पडल्या. तिकडून कोणी परत येऊन हकिगत सांगत नाही. तेव्हा आहे तो दिवस आनंदात घालवावा, असा त्याचा आशय आहे. पुढे होरेमहेबच्या काळातील नेफेरहोतेप या पुरोहिताच्या थीब्ज येथील थडग्यात त्याला उत्तर आले : जुन्या थडग्यांतली ही गीते मी ऐकली आहेत, पण ती परलोकाला कमी का लेखतात?

ताम्रपट

म्हणजे हा धागा आपण फार उशिरा काढला. तरी माझा कल आता शिलालेख यांच्याकडे आहे : देह गेला तरी सेवा आणि नाव राहील, या भरवशावर पिरॅमिड बांधले गेले.

बांधकामवाला

मग त्या भरवशाचेही काय झाले, ते नोंदवून ठेवतो. खुफूचा पिरॅमिड उभा आहे, पण जेथे ही सेवा चालायची त्या त्याच्या मंदिराची काळ्या बेसॉल्टची फरशी सोडली तर फारसे काही उरलेले नाही. त्याच्या संकुलातील कोरीव दगड सापडले ते लिश्त येथे, पहिल्या अमेनेमहातच्या पिरॅमिडाच्या भरावात. बाराव्या राजवंशाच्या या संस्थापकाने स्वतःचा पिरॅमिड बांधताना ते वापरले होते. काही अभ्यासकांच्या मते पूर्वजाचे पुण्य आपल्या वास्तूत यावे म्हणून, आणि काहींच्या मते आयता घडवलेला दगड मिळाला म्हणून. बांधकामाच्या अनुभवावरून माझे मत दुसऱ्या बाजूला पडते.

शिलालेख

माझे पहिल्या. नाव कोरलेला दगड त्याने उगाच निवडला नसावा.